खोलीपुरते संगीत

युरोपीय संगीताचा एक प्रकार असा आहे की, नुसते त्याचे नाव ऐकूनच मराठी माणसाने त्याच्याशी घरोबा करावयास हवा होता. ‘चेंबर म्युझिक’ हे ते नाव. चेंबर म्हणजे खोली. खोलीत मावतील इतक्याच वादकांनी, खोलीत मावतील इतक्याच श्रोत्यांसाठी वाजवावयाचे ते हे संगीत. त्यात भव्य सभागृह नाही, हातात छडी घेऊन उभा राहणारा सेनापती नाही. दोन व्हायोलिने, एक त्याहून थोराड व्हायोला आणि गुडघ्यांत धरून वाजवावयाचा चेलो, असे चौघे एकमेकांकडे तोंड करून बसतात आणि बोलू लागतात. या चौघांच्या मेळाला स्ट्रिंग क्वार्टेट म्हणतात. आपली खासगी बैठक यापेक्षा निराळी ती काय? तेथेही सतरंजीच्या कडेला बसलेल्या रसिकाच्या कपाळावरची आठी गवयाला दिसते, आणि गवयाने डोळे कधी मिटले हे रसिकाला कळते. तरी पण आमच्या गिरगाव-दादरच्या घरांत अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या आल्या, बालगंधर्वांच्या आल्या, आणि हे खोलीतले संगीत मात्र आमच्या खोलीच्या बाहेरच उभे राहिले.

आता माझी खोली मानखुर्दला आहे, हे सांगितले म्हणजे चार वाचक हसतील. मानखुर्द आणि स्ट्रिंग क्वार्टेट ही दोन नावे एका वाक्यात आणणे म्हणजे श्रावणात आंब्याची गोष्ट काढण्यासारखे आहे. १९९२ साली रुळ खाडी ओलांडून वाशीला गेले, तोवर हार्बरच्या गाडीचे हे शेवटचे ठिकाण होते. शहराला जे जवळ नको असते ते लांबच्या स्थानकाकडे सरकत येते, हा मुंबईचा जुना नियम आहे. त्याविषयी पुढे बोलावे लागेलच. तूर्त एवढेच सांगतो की, आमच्या तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून गाडीची घरघर येते, शेजारून कुकरची शिट्टी येते, आणि या दोहोंच्या मधल्या फटीत मी गेले कित्येक दिवस एक ध्वनिमुद्रण ऐकत आहे.

ते ध्वनिमुद्रण टोरांटोचे आहे. तेथील ‘एआरसी एन्सेम्बल’ नावाच्या वादकसंघाने हद्दपार झालेल्या संगीतकारांच्या विस्मृत रचना शोधून वाजविण्याचा उपक्रम चालविला असून, त्याच मालेत २०२० साली ‘चँडोस’ कंपनीने वॉल्टर कॉफमन यांच्या रचनांची तबकडी काढली. तीत दोन क्वार्टेटे आहेत, सातवे आणि अकरावे. व्हायोलिन आणि पियानो यांचा एक सोनाटा आहे. एक छोटा सोनाटिना आहे. आणि तीन व्हायोलिने, एक व्हायोला, दोन चेलो व पियानो अशा सात जणांचा एक मेळ आहे. पुढे बर्लिनच्या रेडिओ वाद्यवृंदानेही कॉफमन यांची ‘इंडियन सिंफनी’ आणि ‘अंधेरा’ नावाची पियानो व वाद्यवृंदाची रचना मुद्रित केली. ‘अंधेरा’! जर्मन वादकांच्या वहीवर हा शब्द रोमन लिपीत छापलेला असेल, आणि त्यांच्यापैकी एखाद्याने शेजाऱ्याला त्याचा अर्थ विचारला असेल, अशी कल्पना करून मला उगाच हसू येते.

हे कॉफमन मुंबईचे. जन्माने नव्हेत, जन्म त्यांचा १९०७ साली बोहेमियातील कार्ल्सबाड या गावी झाला. बर्लिनमध्ये ते संगीत शिकले, प्रागच्या विद्यापीठात त्यांनी प्रबंध तयार केला, आणि आपला प्राध्यापक हिटलरच्या पक्षाच्या तरुण-संघटनेचा पुढारी आहे असे कळताच त्यांनी डॉक्टरेट घेण्याचे नाकारले. आम्हां प्राध्यापक मंडळींना या एका गोष्टीचे मोल इतरांपेक्षा थोडे अधिक समजते. पदवी नाकारणारा माणूस आमच्या धंद्यात क्वचितच भेटतो. १९३४ साली हा सत्तावीस वर्षांचा यहुदी तरुण मुंबई बंदरात उतरला. हिंदुस्थानच का, याचे त्याने दिलेले उत्तर मोठे साधे आहे: येथला परवाना सहज मिळाला. हाती परतीचे तिकीट होते. ते तसेच राहिले आणि मुक्काम बारा वर्षांचा झाला.

आरंभी आपले संगीत त्यांना मुळीच समजले नाही. आपल्याकडच्या गाण्याच्या पहिल्या काही तबकड्या ऐकल्या, तेव्हा त्या त्यांना परक्या आणि अगम्य वाटल्या, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. इथवर नवल नाही. साहेबलोकांपैकी पुष्कळांना तसेच वाटे, आणि ते तेथेच थांबत. कॉफमन यांनी पुढचा विचार केला तो असा की, हे संगीत हृदय आणि बुद्धी असलेल्या माणसांनी निर्माण केले आहे, लक्षावधी लोक त्यावर प्रेम करीत असतील, तेव्हा उणीव असलीच तर ती आपल्यात आहे. आणि तिच्यावर उपाय म्हणजे त्या संगीताच्या गावी जाऊन राहणे. इतक्या निर्मळ तर्काने परक्या कलेकडे पाहणारा दुसरा माणूस मला चटकन आठवत नाही. उलट दिशेने आम्ही हा तर्क कधी चालविला काय? पाश्चात्य संगीत म्हणजे कोलाहल, असे आमच्या वडीलधाऱ्यांनी ठरविले, आणि शेक्सपिअर नि शेले तोंडपाठ असलेल्या पदवीधरांनीही ते मुकाट्याने मान्य केले. इंग्रजी वाङ्मय आम्ही डोळ्यांनी आणले. कानांवर मात्र कुलूप घातले.

मुंबईस आल्यावर थोड्याच महिन्यांत कॉफमन यांनी ‘बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी’ काढली. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात वादन होई. त्या वेळच्या एका छायाचित्रात पियानोवर कॉफमन, चेलोवर इटालियन वादक एदिजिओ व्हेर्गा आणि व्हायोलिनवर मेहली मेहता दिसतात. १९३७ च्या मे महिन्यापर्यंत या सोसायटीची १३६ वादने झाली होती. एकशे छत्तीस! सुमारे तीन वर्षांत एवढ्या बैठका आमच्या एखाद्या नामांकित गायनसमाजानेही केल्या तर त्याचा सत्कार होईल. मेहली मेहता यांनी त्याच सुमारास, १९३५ साली, बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्राची स्थापना केली होती. पुढल्याच वर्षी त्यांना मुलगा झाला तो झुबिन. या गुरुवारच्या बैठकांना जाणाऱ्यांत पारशी होते, युरोपीय होते, थोडे गोवेकर असतील. आमच्या आजोबांच्या पिढीतला कोणी धोतर-पगडीवाला तेथे गेला असल्यास तो माझ्या ऐकण्यात नाही. गुरुवार हा दत्ताचा वार, हे कारण पुरेसे नाही.

आणि तरीही, वाचकहो, कॉफमन यांचे संगीत ज्याच्या कानावर पडले नाही असे मराठी घर त्या काळानंतर सापडणे कठीण. पहाटे रेडिओ लावला की केंद्र सुरू होण्यापूर्वी जी एक लहानशी धून वाजे, ती आठवा. खाली तंबोरा झंकारतो आहे आणि वर व्हायोलिन एक करुण, थोडीशी दूरस्थ सुरावट पुन्हापुन्हा आळवीत आहे. शिवरंजनीची छाया तीवर आहे असे जाणकार म्हणतात. ही धून सर्वसाधारणपणे कॉफमन यांची मानली जाते. कोणी ठाकूर बलवंतसिंग यांचेही नाव घेतात. कॉफमन ऑल इंडिया रेडिओच्या मुंबई केंद्रावर युरोपीय संगीताचे प्रमुख होते आणि १९४६ पर्यंत तेथे राहिले, यात मात्र दुमत नाही. माझ्या लहानपणी ती धून म्हणजे बंबात कोळसे पडण्याची, दूधवाल्याची कडी वाजण्याची आणि वडिलांच्या खाकरण्याची वेळ. ती कोणी ‘रचली’ असेल हे मनात येण्याचे कारणच नव्हते. सूर्योदयाला कोठे कर्ता असतो?

ती धून माहीत असलेल्या कानांनी आता अकरावे क्वार्टेट ऐकावे. निर्वासिताने आपल्या मुलखाच्या आठवणी काढाव्यात तशा काही जागा त्यात आहेत; मध्य युरोपातल्या खेडूत नाचाची ठेच आहे, तोडून टाकल्यासारखे आघात आहेत. आमच्या घरी पहिल्या दिवशी ते लागले तेव्हा सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातून विचारले, “हे चौघे भांडताहेत की काय?” टीका अगदीच गैरलागू नव्हती. चौघे जण एकाच वेळी बोलतात आणि चौघांनाही काही म्हणावयाचे असते, ही गोष्ट आपल्या बैठकीत बसत नाही. आपल्याकडे एक बोलतो आणि बाकीचे हुंकार देतात. परंतु मग लय मंदावते. चेलो खालचा एक सूर धरून बसतो, आणि त्यावर व्हायोलिन काहीएक शोधीत, थबकत, मागे वळत चालू लागते. आमच्या इमारतीत एक वृद्ध वारकरी गृहस्थ आहेत. रेल्वेतून निवृत्त झाले, आता भजनाला जातात. सोसायटीच्या हिशेबाचे कागद घेऊन ते आले होते. हा भाग चालू असताना ते दारातच उभे राहिले आणि म्हणाले, “सर, त्या खालच्याला विणेकरी केलाय बघा. तो हलायचा नाही. तो हलला तर बाकीचे जातील कुठं?”

संगीतशास्त्राच्या चार पुस्तकांतून मला जे उमगले नव्हते ते या वाक्याने दिले. मेळाच्या मधोमध वीणा गळ्यात घालून उभा राहणारा विणेकरी अभंग गातो खरा, पण त्याचे मुख्य काम सूर सांभाळण्याचे. कॉफमन यांनी ही जागा चेलोला दिली. आणि जेथे त्यांना ती द्यावीशी वाटली नाही, जेथे खालचा सूर आपली जागा सोडून युरोपीय रीतीने पायरी बदलतो, तेथे वरचा राग क्षणात पोरका होतो. ही त्यांच्या रचनांची दुबळी बाजू आहे, आणि ती मी झाकून ठेवीत नाही. रागाचे स्वर तेच राहिले तरी षड्ज सरकला की घर बदलते. त्यांच्या सोनाट्यात अशा जागा आल्या की मला दर वेळी पाय घसरल्यासारखे वाटते. बार्टोकने आपल्या हंगेरीच्या खेड्यांतली गाणी क्वार्टेटात आणली, पण ती त्याच्या स्वतःच्या भाषेतली गाणी होती. कॉफमन येथे पाहुणे होते, आणि पाहुणा कितीही प्रेमळ असला तरी फडताळातले कोणते भांडे कोठे आहे, हे त्याला थोडे चाचपडावेच लागते.

मात्र चाचपडताना त्यांच्या हाती वाद्य योग्य पडले, हे म्हटलेच पाहिजे. व्हायोलिनला पडदे नाहीत. एका सुरावरून दुसऱ्या सुरावर जाताना मधली सगळी वाट तिला चालता येते. मींड नावाची जी वस्तू आपल्या गाण्याचा प्राण आहे, ती तिच्यात आपसूक आहे. पेटीत ती नाही, याच कारणासाठी ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीला बंदी केली, आणि ती तीसएक वर्षे टिकली. त्या बंदीने किती पेटीवाल्यांच्या पोटावर पाय आला हा निराळा विषय आहे. दक्षिणेत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासूनच व्हायोलिन बैठकीत येऊन बसली होती. आपल्याकडे गजाननबुवा जोशी यांनी तिच्याकडून ग्वाल्हेरची गायकी गाऊन घेतली, गोव्याचे श्रीधर पार्सेकर त्यांच्याच तालमीतले, पुढे वि. गो. जोग आणि दामोदर केशव दातार यांनी तिला सारंगीइतकेच आपले करून टाकले. आपले वादक खाली मांडी घालून बसतात, तिचे टोक पावलावर टेकवितात, तारा आपल्या षड्ज-पंचमाला लावतात, आणि ती साहेबाची पोर आहे हे आपण विसरून जातो. मी विचार करतो तो असा: मुंबई केंद्राच्या एका दालनात कॉफमन आपले क्वार्टेट बसवीत असतील आणि त्याच इमारतीत एखादा मराठी व्हायोलिनवादक बागेश्री आळवीत असेल. मधे एक भिंत. रागांचा अभ्यास कॉफमन यांनी आयुष्यभर केला. १९६८ साली त्यांचा उत्तर हिंदुस्थानी रागांवरचा मोठा ग्रंथ अमेरिकेत प्रसिद्ध झाला, आणि त्यात राग लावले आहेत ते आपल्या भातखंड्यांच्या दहा थाटांप्रमाणे. म्हणजे त्या भिंतीला त्यांच्या बाजूने तरी दार होते.

या संगीतात एक गोष्ट अशी आहे की जी स्वरांत शोधून सापडावयाची नाही, पण ती ठाऊक झाल्यावर ऐकणे पूर्वीसारखे राहत नाही. कॉफमन यांची पत्नी गेर्टी ही कादंबरीकार काफ्का याची सख्खी भाची, त्याच्या थोरल्या बहिणीची मुलगी. ती मुंबईस आली. तिची आई प्रागमध्ये राहिली. १९४१ साली नाझींनी तिला पोलंडमधील लॉड्झच्या यहुदी कोंडवाड्यात पाठविले आणि ती परत आली नाही. काफ्काच्या तिन्ही बहिणी अशाच गेल्या. त्या वर्षी मुंबईत जे पावसाचे चार महिने गेले, त्यांत महालक्ष्मीच्या बाजूला राहणाऱ्या या कुटुंबाच्या घरी टपाल येत असेल किंवा येईनासे झाले असेल. आणि कॉफमन रोज केंद्रावर जात असतील, कारण कार्यक्रम वेळेवर सुरू व्हावाच लागतो. ज्याने परतीचे तिकीट वापरले नाही तो वाचला. तिकीट वापरण्याची सक्ती त्याच्यावर कोणी केली नाही, एवढाच या शहराचा त्याच्यावरचा उपकार. पण त्या दशकात जगातील फार थोड्या शहरांना एवढाही जमला.

मानखुर्दविषयी बोलावे लागेल असे मी वर म्हटले ते यासाठी. आमच्या स्थानकाच्या दुसऱ्या अंगाला लल्लूभाई कंपाउंडाच्या इमारती आहेत. रुळांच्या कडेच्या आणि रस्त्यांच्या वाटेतल्या झोपड्या हलविल्या तेव्हा हजारो कुटुंबे तेथे आणून बसविली. त्यांनाही ‘परवाना सहज मिळाला’ म्हणूनच येथे यावे लागले. निवड त्यांची नव्हती. संध्याकाळी तेथून ढोल-ताशाचा सराव ऐकू येतो, कधी कव्वालीची तबकडी, कधी गावाकडची गौळण. ती माणसे आपापल्या खोलीत आपापले गाव वाजवीत असतात. त्या आवाजाच्या शेजारी माझ्या खोलीत कार्ल्सबाडचा माणूस मुंबईत लिहिलेले गाणे वाजवितो, तेव्हा मला ते विजोड वाटत नाही. सौभाग्यवतींनाही आता वाटत नाही. भांडण मिटले असावे, असे त्या म्हणतात.

तंतुवाद्यांच्या या गोष्टीला एक गोव्याची बाजू आहे, आणि ती सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे मुंबईच्या चित्रपटसृष्टीतले व्हायोलिनवादक आणि वाद्यवृंद-रचनाकार. गोव्याच्या चर्चमधील शाळांनी पिढ्यान् पिढ्या जी स्वरलिपी मुलांना शिकविली, तिच्या जोरावर हे लोक मुंबईत आले. गोन्साल्विस यांच्या मनात मात्र चित्रपटापलीकडचे काही होते. राग आणि युरोपीय वाद्यमेळ यांचा संगम त्यांना साधावयाचा होता. त्यांनी ‘सोनाटिना इंडियाना’ लिहिली, सारंग रागात एक कंचेर्टो लिहिला, आणि १९५८ साली सेंट झेवियर कॉलेजच्या चौकात मोठा वाद्यवृंद उभा करून तो प्रयोग लोकांपुढे मांडला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गाइले. १९६५ साली ते अमेरिकेस गेले, नंतर आपल्या गावी परतले आणि शांतपणे राहिले. त्यांचे नाव आज पोरासोरांना ठाऊक आहे ते १९७७ च्या एका चित्रपटगीतामुळे. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी गुरुऋण फेडले ते असे. गोव्याच्या व्हायोलिनवाल्यांचे वादन आपण सर्वांनी जुन्या चित्रपटगीतांत सहस्र वेळा ऐकले आहे, आणि तबकडीवर त्यांचे नाव एकदाही वाचलेले नाही. सारंगातला तो कंचेर्टो कोणी चांगल्या वाद्यवृंदाने आज नव्याने मुद्रित केला, तर मी माझा एक महिन्याचा चष्म्याचा खर्च पुढे ढकलून तो विकत घेईन.

हे होऊ शकते, कारण युरोपीय पद्धतीत संगीत कागदावर असते. आपला गवई गेला की त्याची बागेश्री त्याच्याबरोबर जाते. तबकडीत सापडली तेवढी राहते, आणि जुन्या तबकडीत सापडत होती ती एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे. म्हणून आपल्याला ध्वनिमुद्रण म्हणजे अस्थी जपण्यासारखे वाटते. त्यांच्याकडे ते बीज पेरण्यासारखे आहे. कॉफमन १९८४ साली अमेरिकेत वारले. मुंबईत लिहिलेले कागद त्यांनी लंडन, कॅनडा असे हिंडवीत नेले, शेवटी ते इंडियाना विद्यापीठात, जेथे त्यांनी पुढे अध्यापन केले, तेथे विसावले. आणि आठ दशकांनंतर टोरांटोच्या वादकांनी ते उघडून समोर ठेवले की संगीत पुन्हा सुरू.

आता सात आणि अकरा हे आकडे पाहा. ज्याला आकडेमोड येते त्याला उघडच दिसेल की दोन सापडली, आणि नऊ या तबकडीत नाहीत. हिशेबाचे कागद परत न्यावयास आलेल्या आमच्या वारकरी शेजाऱ्यांना मी हे बोललो. ते हिशेबाचे पक्के. “मग बाकीच्या नऊंचं काय?” असे त्यांनी विचारले. मी म्हटले, “अमेरिकेत, विद्यापीठाच्या ग्रंथालयात चौकशी करावी लागेल.” “पत्र लिहा की. इंग्रजी शिकवता ना?” असे म्हणून ते निघाले.

पत्राचा मसुदा मी परवा तयार केला आहे. नकला कोणत्या अटींवर मिळतील, आणि त्या मुंबईत वाजविण्यास परवानगी लागते काय, एवढेच विचारले आहे. वरळी-कुलाब्याकडे शिकलेली व्हायोलिनची मुले आता पुष्कळ आहेत. २००६ पासून एनसीपीएमध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाही आहे. चार वादक मिळणे अशक्य नाही. खोली हवी असेल तर आमच्या सोसायटीचे कार्यालय गुरुवारी संध्याकाळी रिकामे असते. फक्त साडेसातच्या आत आटपावे लागेल, कारण नंतर भजन आहे.